कोतवाल बुकातली आमची माणसं आम्हाला वाचू द्या

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गावोगावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या व महसुली कागद गावकऱ्यांना वंशावळीसाठी पाहू देण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

२०२३ साली मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, पुढे तिचं काम राज्यभर वाढवलं गेलं, आणि तहसील कचेऱ्यांतले वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले गठ्ठे सुटले. कोतवाल बुकं म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या, फेरफार, कडईपत्रकं, शाळांची जनरल रजिस्टरं बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या शोधामागच्या वादात मला या पत्रात शिरायचं नाही. पण शासनानं मनावर घेतलं की शंभर वर्षांपूर्वीची वही टेबलावर येऊ शकते, हे त्या काळात सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा त्या वह्यांत ‘कुणबी’ हा एकच शब्द शोधायचा होता. तो मिळाला की पानाचा फोटो निघायचा, नाही मिळाला की पान उलटायचं. त्या उलटलेल्या पानांवर आमच्या गावातली बाकीची सगळी माणसं आहेत.

आम्ही वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावची माणसं. आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत, दोन शिक्षक आहेत, गिरणीत हयात घालवून संपानंतर गावी परतलेले एक आजोबा आहेत आणि मोडी शिकलेल्या दोन मुली आहेत. गावातल्या एकेका भावकीची वंशावळ जुळवायची, कोण कुठून आलं, कोणत्या दुष्काळात कोण बाहेर पडलं, कोणत्या घराण्याची शाखा कुठं गेली, हे लिहून ठेवायचं, असं आमचं काम चालतं. मुंबई-पुण्यातून, कधी बडोद्यातूनही फोन येतात. पणजोबांचं नाव तेवढं ठाऊक असतं. पुढचं आम्ही शोधायचं.

गावात काय मिळतं, ते आधी सांगतो. पूर्वी बैलावर ओझं लादून हेळवी यायचे. अजूनही काही घरी येतात. वही उघडून सात-आठ पिढ्या घडाघडा वाचून दाखवतात, नव्या मुलांची नावं घालून घेतात, धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी आहेत; पूर्वजांपैकी कुणी विधीला गेलं असेल तर त्याचं नाव-गाव-नातं तिथं सापडू शकतं. काही घरांत जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं निघतात. पण हे सगळं ज्यांच्याकडे जमीन होती, हेळव्याला पायली देण्याइतकं धान्य होतं, तीर्थाला जाण्याइतकी ऐपत होती, त्यांचं आहे. ज्या घरात यातलं काहीच नव्हतं, त्या घरचा मुलगा येऊन विचारतो, “आमचं काही सापडंल का हो?” तेव्हा आमच्याकडे एकच उत्तर असतं: कोतवाल बुक.

महोदय, आपल्या खात्यात ही वही गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते. सातबारात शिरायला जमीन लागते. कोतवाल बुकात शिरायला जन्म किंवा मृत्यू पुरतो. वतनदार पाटलाचा नातू आणि त्याच्याच शेतावरच्या सालगड्याचं पोर एकाच पानावर, एकाखाली एक. तारीख, बापाचं नाव, जात. मृत्यू असेल तर वय आणि कारण. ताप, पटकी, देवी. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढं साताऱ्याकडं सरकला आणि १९१८ मध्ये मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. त्या वर्षांची पानं वाचताना एकाच घरची नावं पाठोपाठ येतात आणि वाचणाऱ्याचा आवाज बसतो. ज्या घरात “आज्जा लहानपणीच पोरका झाला” एवढंच सांगितलं जायचं, त्या घराला तो का पोरका झाला हे इथं कळतं.

बायकांचं नाव या वहीतही आडूनच येतं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, कुठं ‘कोम’ लावून नवऱ्याचं नाव. तरी मृत्यूच्या नोंदीत तिचं स्वतःचं नाव आणि वय बहुतेकदा असतं, आणि वंशावळीच्या तक्त्यात जिथं नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं होतं तिथं ते नाव भरता येतं. आमच्या मुली सगळ्यात आधी हाच रकाना वाचतात.

दलित कुटुंबांसाठी वतनाचे कागदही तितकेच मोलाचे आहेत. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं गेली, गुलामीची एक बेडी तुटली, ते योग्यच झालं. पण त्या वतनांच्या रजिस्टरांत कोणत्या घराकडे वतन होतं, कुणानंतर कोण आलं, हे नावानिशी लिहिलेलं आहे. ज्यांच्या पूर्वजांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांची गावात पिढ्यान् पिढ्या असण्याची ती सरकारी नोंद आहे. ती त्यांना सहज हाती मिळाली पाहिजे.

शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीची किंमत काय असते, हे साताऱ्याला सांगावं लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात चढलं. ते रजिस्टर जपलं गेलं, म्हणून त्या तारखेला राज्य शासन २०१७ पासून विद्यार्थी दिवस पाळतं. आमच्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात असलेली मुलं जगाला माहीत नाहीत, पण त्यांच्या पणतवंडांना ती ओळ तेवढीच हवी आहे.

आता अडचण कुठं येते ते लिहितो. आपल्या खात्यानं ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन केलेले कागद ठेवले, त्याबद्दल आभार. पण तिथं शोध सुरू होतो तो गावापासून आणि मग सर्व्हे, गट किंवा फेरफार क्रमांकापासून. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुना नंबर काढायचा तर आधी ९(३), ९(४) चे उतारे गाठावे लागतात. आमच्यातले तलाठी सोबत असल्यामुळं आम्ही तिथवर पोचतो. ज्याला क्रमांकच ठाऊक नाही, ज्याच्या घरात जमीनच नव्हती, त्यानं कुठून सुरुवात करायची? नावावरून शोधता येईल अशी सूची नाही, आणि बरंचसं जुनं लेखन मोडीत असल्यामुळं स्कॅन समोर असूनही वाचता येत नाही.

त्यात आमचा तालुका जिल्हा बदललेला. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर बाजूला काढून, त्यांना संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं आमच्या गावचे जुने कागद काही सांगलीत, काही साताऱ्यात. जिल्ह्यातल्याच आटपाडीचं माणूस विचारायला आलं तर त्याचं गाव औंध संस्थानात होतं, जतचं माणूस डफळ्यांच्या जत संस्थानातलं, मिरजेचं पटवर्धनांच्या. सोयरिकी तर या सगळ्या सीमा ओलांडून झालेल्या. आजी आटपाडीची, पणजी कराडची, असं प्रत्येक घरात आहे. एका वंशावळीसाठी किती कचेऱ्या फिरायच्या, याची यादीसुद्धा कुठं मिळत नाही.

आणि धरणग्रस्त. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली कुटुंबं सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. भावकी तुटली, देव वेगवेगळ्या ठिकाणी बसवले गेले. त्यांच्या तिसऱ्या पिढीला मूळ गाव बघायलाही जाता येत नाही. त्यांच्यासाठी गावची वही हेच गाव आहे. या लोकांच्या वह्यांना सगळ्यात आधी हात लावावा, असं माझं मत आहे.

कागद किती गेले, याचं दुःख वेगळंच. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत आमच्या भागात कुलकर्ण्यांचे वाडे जळाले, त्यांत ठेवलेले कागदही जळाले. २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या चावडीत शिरलं आणि कपाटाच्या खालच्या फळीवरचं सगळं लगदा होऊन बाहेर निघालं. तालुक्याच्या एका अभिलेख कक्षात मी स्वतः कोतवाल बुक पाहिलं आहे. पान हातात घेतलं की कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो. तिथल्या कर्मचाऱ्यानं मला विचारलं, “दाखला काढायचाय का?” नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “मग कशाला पाहिजे?” त्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडं अर्जाचा जो नमुना आहे त्यात ‘पूर्वज कोण होते हे जाणून घेण्यासाठी’ असं कारणच नाही.

तेव्हा मागणी अशी आहे. जुन्या कोतवाल बुकांची, वतन रजिस्टरांची आणि मोडी फेरफारांची गाववार सूची करावी, नावाप्रमाणे आणि देवनागरीत. हे काम कचेरीच्या माणसांकडून होणार नाही. त्यांच्यावर आधीच ओझं आहे. ते गावाकडे द्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठही मोडी शिकवतं. तिथून शिकलेली मुलं गावोगाव आहेत. मूळ वही कचेरीबाहेर जाऊ नये. स्कॅनवरून गावकऱ्यांनी वाचावं, जाणकारानं तपासावं आणि सूची आपल्या संकेतस्थळावर चढावी. वाचताना गावचं माणूस सोबत हवंच, कारण जुन्या नोंदीत आडनाव बऱ्याचदा नसतं. ‘रामजी बिन लक्ष्मण’, म्हणजे लक्ष्मणचा मुलगा रामजी, असे गावात चौघं निघतात, आणि त्यातला मळ्यातला कोणता आणि वेशीतला कोणता हे बाहेरच्याला कसं कळणार?

एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. या वह्यांत जात उघड लिहिलेली आहे, अनौरस जन्म लिहिलेले आहेत, आज कुणाला लागतील असे शब्द आहेत. गावात अशा एका ओळीवरून आजही भांडण पेटू शकतं. म्हणून १९५० च्या आधीच्या नोंदी पाहण्यासाठी खुल्या कराव्यात, नंतरच्या फक्त त्या कुटुंबालाच द्याव्यात, आणि सूचीत जातीचा रकाना घेऊ नये, असं आम्ही सुचवतो. आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. जात काढली तर दोन सारखी नावं वेगळी ओळखता येत नाहीत, असं तलाठी म्हणाले. तरीही ज्याला ती ओळख पटवायची आहे त्यानं मूळ स्कॅन बघावं, यादीत ती सर्वांसमोर टांगू नये, यावर शेवटी एकमत झालं.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार हे कागद जपणं शासनाचं काम आहे. जपण्यात वाचू देणंही यावं, एवढीच आमची जोड आहे. पुराभिलेख हे सांस्कृतिक कार्य विभागाकडे आणि कोतवाल बुक आपल्याकडे, त्यामुळं दोन खात्यांनी एकत्र बसावं लागेल, हे आम्ही जाणतो.

सुरुवात एका तालुक्यापासून करावी. वाळवा घेतलात तर सूचीचं काम आमची मंडळी बिनमोबदला करतील. मोडी वाचणाऱ्या दोन्ही मुली तयार आहेत, आणखी तिघं शिकत आहेत. तहसील कचेरीनं आठवड्यातला एक दिवस, एक टेबल आणि स्कॅन पाहायला एक संगणक ठरवून द्यावा. तसं लेखी पत्र तहसीलदारांना गेलं की पुढच्या आठवड्यापासून आम्ही बसू.

आपला नम्र,
वाळवा तालुक्यातील एक गावकरी,
जि. सांगली