कुलूप पाटोद्यात, कोपी दौंडमध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी विद्यापीठांनी एकत्र यावं, राज्यभर जाळं उभारावं, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. सोबत बहुधा फोटो असतो. दोन कुलगुरू, मध्ये सामंजस्य कराराची फाइल, मागे फ्लेक्स. मी प्राध्यापक नाही. सत्तावीस वर्षं मी फॉर्म भरले. म्हणजे सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या घेऊन दारोदार हिंडले, पुण्यातल्या आणि बाहेरच्या संस्थांसाठी, बहुतेक वेळा फॉर्ममागे ठरलेल्या पैशांवर. आम्हाला कागदोपत्री ‘क्षेत्र अन्वेषक’ म्हणतात, वस्तीत ‘सर्वेवाल्या बाई’. त्या बाजूने चार गोष्टी सांगायच्या आहेत.

ऊसतोडीचंच घ्या. काही वर्षांपूर्वी ऐन गाळपाच्या दिवसांत दौंड तालुक्यात कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, आमचं काम चाललं होतं. टोळी पहाटेच फडात जाते, त्यामुळे माणसं भेटायची ती दिवस कलल्यावर. एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती आणि मी शेजारी पाण्याच्या ड्रमवर पॅड टेकवून विचारत होते. चौथा प्रश्न, कुटुंबात एकूण माणसं किती? तिने भाकरी उलटली आणि मलाच विचारलं, “इथली सांगू का घरची?”

इथे ती, नवरा, तान्हं मूल आणि त्याला सांभाळायला शाळेतून काढून आणलेली बारा वर्षांची मुलगी. तिथे, बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या गावी, सासू आणि शाळेत जाणारे दोन मुलगे. माझ्या फॉर्मात रकाना एकच. काल रात्री या चुलीवर जेवले तेवढेच मोजायचे, अशी सुपरवायझरची सूचना होती. मी चार लिहिले. पुढे उचलीचा, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा, प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, “मग सासूला कुठं टाकलं तुम्ही? उचल तर तिच्याच दवाखान्यापायी घेतली.” उचलीचा आकडा आमच्या तक्त्यात गेला. ती ज्या म्हातारीसाठी घेतली, ती मात्र आमच्या हिशेबी त्या घरातच नव्हती.

पुढच्या वर्षी बीडकडे असाच एक सर्वे झाला, वेगळ्या संस्थेचा. त्यावर काम केलेली एक मुलगी नंतर माझ्याबरोबर पुण्यात होती. तिने सांगितलं, निम्म्या दारांना कुलपं, तिथे ‘घर बंद’ असा शेरा मारून पुढे जायचं. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि पोरं. उत्पन्न काय, तर श्रावणबाळचे पैसे. म्हणजे तिकडच्या तक्त्यात एक निराधार म्हातारी, दोन नातू आणि कमावतं कुणीच नाही. इकडच्या तक्त्यात डोक्यावर उचल असलेलं चार माणसांचं घर. अशी एकेका घराची दोन घरं होतात आणि दोन्ही चुकीची असतात. दोन्हीकडे त्यावर प्रबंध होतात, दोन्हीकडे पदवी मिळते.

हे काम एकत्र का होत नाही? विद्यापीठांच्या हद्दी जिल्ह्यांवर आखलेल्या आहेत. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. दौंड आमच्या पुण्याकडे, अहिल्यानगर आणि नाशिकसकट. टोळी सांगली-कोल्हापूरला गेली की शिवाजी विद्यापीठ, माळशिरसला गेली की सोलापूर, ज्याला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, एकाच जिल्ह्याचं. मुकादम ज्या गावाला ट्रॅक्टर नेईल तिथे कोयता जातो. (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, शहरातल्या वाचकांना हे सांगावं लागतं.) पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तांच्या कचेरीत, प्रत्येक कारखान्याने किती टन गाळप केलं आणि उसातून साखरेचा उतारा किती पडला, हे दशांश चिन्हापर्यंत मिळतं. त्या बारा वर्षांच्या मुलीचं नाव त्या हंगामात कुठल्या शाळेच्या पटावर होतं, हे मला दोन जिल्ह्यांत विचारूनही कळलं नाही.

हद्दीचं एक वेळ जमवता येतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांनी मला खरी मेख दाखवली. शिक्षकांच्या बढतीसाठी यूजीसीची जी २०१८ ची नियमावली आहे, तिच्यात संशोधनाला गुण असतात. लेख एकट्याने लिहिला तर पूर्ण गुण. दोघांनी लिहिला तर प्रत्येकी ७० टक्के. तिघांनी किंवा जास्त जणांनी लिहिला तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. संयुक्त प्रकल्पाचे गुण निम्मे-निम्मे. आता बीडच्या, पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या शिक्षकांनी मिळून ऊसतोडीवर लेख लिहिला, तर तिघांपैकी दोघे तीस टक्क्यांवर. आधी एसटीने हिंडायचं, तीन कॉलेजांची वेळापत्रकं जुळवायची आणि शेवटी हे. ते प्राध्यापक हसत म्हणाले, “बाई, मैत्री करा पण लेख एकट्याने लिहा, असं हे आहे.” व्यासपीठावरून सहकार्याचा गजर करणाऱ्यांनी आधी हा तक्ता एकदा नीट वाचावा.

जाळं चालू शकतं, हे मी पाहिलेलं आहे. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा ‘लोकनीती’ हा उपक्रम १९९७ पासून चालू आहे. राज्याराज्यांतल्या विद्यापीठांतले आणि कॉलेजांतले राज्यशास्त्राचे शिक्षक त्यात आहेत. पुणे विद्यापीठाचे प्रा. सुहास पळशीकर त्याचे सहसंचालक होते. निवडणुकीनंतरच्या त्यांच्या पाहणीत मी दोनदा काम केलं. प्रश्नावली देशभर तीच, फक्त भाषा बदललेली. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढलेली असायची. नाव तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं असेल तर आजोबाच हवेत, खाली पानाच्या टपरीवर मोकळा बसलेला भाचा चालणार नाही. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नाही; लुटुपुटीची मतपत्रिका द्यायची, खूण करून ती घडी घालून आमच्याजवळच्या पेटीत टाकायला सांगायची. भर उन्हात या शिस्तीचा मला फार राग यायचा. पण तिच्यामुळेच पुण्यातल्या पेठेचं उत्तर बिहारमधल्या गावाच्या उत्तराशेजारी ठेवता येतं.

सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही गावंही अशीच. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७५ मध्ये तिथे घरोघरची नोंद सुरू केली, अन्वेषक गावातच राहायला ठेवले. ते आकडे जगभरच्या अभ्यासकांनी वापरले. त्याच्याही कितीतरी आधी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला होता. तो १९१७ साली छापला गेला. मग अवर्षणाच्या पट्ट्यातलं जातेगाव बुद्रुक घेतलं, ते १९२१ साली छापलं. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, घराचा खर्च कसा भागतो, हीच चौकशी दोन्हीकडे. म्हणून ती दोन गावं आजही एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात. पिंपळे सौदागरला आता सोसायट्यांच्या पार्किंगवरून भांडणं होतात, ते सोडा.

उलट आमच्या फॉर्मांचं काय होतं? एका संस्थेचं ऑफिस हलवताना मी मदतीला गेले होते. तळघरात गोण्या भरून शेड्यूल्स, म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्या. खालच्या थराला वाळवी लागलेली, वरचा थर रद्दीवाल्याने किलोवर नेला. एका गठ्ठ्यावर माझंच अक्षर होतं, पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतलं. त्याच वसाहतीत पुढच्या पाच-सहा वर्षांत मी आणखी दोन संस्थांसाठी जवळजवळ तेच प्रश्न घेऊन गेले. पाणी किती वाजता येतं, संडास कुठे, मुलं किती शिकली. तिसऱ्या खेपेला एका मावशींनी दार अर्धंच उघडलं. “मागचं लिहून नेलंत त्याचं काय झालं ते सांगा, मग पुढचं विचारा.” मला सांगता आलं नाही.

म्हणून संबंधितांना विनंती आहे. करार जरूर करावेत. पण ‘कुटुंब’ कुणाला म्हणायचं आणि ‘काम’ कशाला म्हणायचं, एवढं तरी सगळ्या विद्यापीठांनी बसून एकदा ठरवावं. (‘काम करता का?’ असं विचारलं की चार घरची धुणीभांडी करणारी बाई बिनदिक्कत ‘नाही’ म्हणते. ‘कुणाकडे जाता का?’ असं विचारावं लागतं.) प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवायची सोय आहेच, नावं-पत्ते काढून टाकून मूळ आकडेही कुठेतरी एकत्र ठेवावेत. आणि परिषदेच्या जेवणावळीतून उरलेच तर बीड आणि पुण्याच्या दोन-दोन विद्यार्थ्यांना एका हंगामाचं एसटीभाडं द्यावं. दिवाळीनंतर गावातून निघताना एकदा, कोपीवर एकदा आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, घरी परतल्यावर एकदा, त्याच घराला तीनदा भेटण्याइतकं.

माझ्याकडे त्या हंगामांच्या अकरा वह्या आहेत. कुठल्या गावची टोळी कुठे उतरते, संध्याकाळी किती वाजता गेलं की माणसं भेटतात, कुठल्या पाणंदीतून पायी जावं लागतं, असं सगळं त्यात लिहिलेलं आहे. माणसांच्या नावांवर मी तेव्हाच काळी शाई फिरवली होती. कुणाला हव्या असतील तर आपल्या कार्यालयात मी माझा पत्ता दिला आहे. मात्र न्यायला दोघांनी मिळून यावं, एक तिकडचा आणि एक इकडचा.

आपली,
एक निवृत्त क्षेत्र अन्वेषक,
कर्वेनगर, पुणे