तुझी बाटली मी उघडली

नागपूर,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सव्वा वर्षात मी तुला एक ओळही लिहिली नाही, तुझ्या दोन पत्रांना उत्तरही दिले नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली होती. ती सांगण्याचे धैर्य होईना, आणि ती वगळून इकडचे तिकडचे लिहावे, तर ते तुझ्याशी खोटे वागणे झाले असते. आता मात्र लिहिलेच पाहिजे, कारण मागच्या शनिवारी रात्री तुझी बाटली मी उघडली, आणि तू नसताना उघडली. घरी सर्व ठीक आहे. आईचे गुडघे तसेच आहेत, माझी साखर आटोक्यात आहे.

२०१६ साली ब्रुसेल्सच्या आंडरलेख्त भागातल्या काँतियाँ ब्रुअरीतून ती ग्योझ, म्हणजे बेल्जियमची ती आंबट बिअर, तू स्वेटरमध्ये गुंडाळून आणलीस आणि दोघांनी पन्नाशी गाठली की एकत्र उघडायची, असे आपले ठरले. महाल भागातल्या आमच्या वाड्यात, धान्याच्या खोलीत ती आडवी ठेवताना तू मातीच्या जाड भिंतीला तळवा लावून म्हणाला होतास की हिला इथे परकेपणा वाटणार नाही. वाडा गेला, हे तू जाणतोसच. नव्या घराच्या वर थेट गच्ची आहे, हेही मी तुला कळवले होते. पण मुलीच्या प्रवेशासाठी आम्ही सगळे बारा दिवस पुण्याला गेलो तेव्हा बाटली फ्रिजमध्ये ठेवायची राहून गेली, हे मात्र कळवले नाही. बाहेर पारा ४५ अंशांकडे चाललेला, खिडक्या बंद, कूलर बंद, आणि दहा-पंधरा अंशांच्या गारव्यात राहायची ती वस्तू लाकडी कपाटात भाजत पडली होती. परतल्यावर मी कपाट उघडले तेव्हा काच हाताला कोमट लागली. तो स्पर्श अजून तळहातावरून गेलेला नाही.

तेव्हाच लिहायला हवे होते. परंतु तुझ्याच एका वाक्याने मला आशा लावली. तू पहिल्यांदा ती ब्रुअरी पाहून आलास तेव्हाचे पत्र मी जपून ठेवले आहे. माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या पात्रात हिवाळ्याच्या रात्री उघडा पडून राहिलेला तो धान्याचा काढा, कौलांच्या फटींतून येणारी हवा, बाहेरून यीस्ट न घालता केवळ त्या हवेच्या आणि लाकडाच्या भरवशावर लागणारे आंबवण, पिंपांवर बसणारे किडे खातात म्हणून कोणी न झाडलेली कोळ्यांची जाळी, असे सगळे त्यात होते. पिंपात मध्यंतरी पेडिओकॉकस या जिवाणूचा जोर होतो आणि बिअर तेलासारखी दाट होते, तिला तार सुटते; अशा वेळी ती ओतून न देता नुसती वाट पाहायची, कारण पुढे ब्रेटॅनोमायसीस हे रानटी यीस्ट ते सारे खाऊन तिला स्वच्छ करते, असे लिहून तू म्हटले होतेस, ही बिअर आजारी पडते आणि आपली आपण बरी होते. तुझ्या बाटलीतही ते जीव अजून असणार, उरलासुरला प्राणवायू ते शोषून घेतील आणि वर्षभरात ती सावरेल, अशी मी मनाची समजूत घातली. गप्प राहिलो तो या आशेवर.

शनिवारी फ्रिज पुसताना बाटलीच्या टोपणाखाली तपकिरी, चिकट ओघळ दिसला. बूच सैल झाले होते. आता नुसते ठेवून दिले तर उरलेला वायू जाणार आणि बाहेरची हवा आत शिरणार, हे उघड होते. घड्याळात नऊ वाजले होते, तुझ्याकडे बेल्जियममध्ये साडेपाच. तुला फोन करणे शक्य होते, आणि तो केला नाही, याची लाज मला बाटली उघडल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

तळाचा गाळ ढवळू नये म्हणून तिकडे बाटली टोपलीत तिरपी ठेवून ओततात, असे तू सांगितले होतेस. मी आईची रोवळी घेतली. टोपण काढले, बूच हलक्या आवाजाने आले, पण आवाज झाला, एवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला. रंग गुळाच्या पाकासारखा गडद उतरला होता, फेस विरळ होता आणि लगेच बसला. वास घेताच मी पेला खाली ठेवला. ओले गोणपाट, टांग्याच्या घोड्याच्या पाठीवरची घामेजलेली झूल, त्यामागून वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा कडसर गंध. तू वर्गात फळ्यावर ब्रेटॅनोमायसीसचे स्पेलिंग चुकवून पुढे त्यावर अर्धा तास बोलला होतास, तो वास हा. दह्याच्या वासावरून गोकुळपेठेतली डेअरी ओळखून दाखवण्याची पैज तू मेसच्याच दह्यावर हरला होतास, तेव्हापासून तुझ्या नाकावर मी विश्वास ठेवत नसे. पण या वासाचे तुझे वर्णन शब्दाशब्दाने खरे आहे.

पहिला घोट लिंबाच्या जुन्या, मुरलेल्या लोणच्यासारखा लागला, म्हणजे आंबट खरा, पण दातांवर न येणारा, मऊ. मग जांभळे खाल्ल्यावर जीभ ओढते तसा तुरटपणा आला. पिंपात मुरवलेली म्हणजे लाकडाची चव असलेली, असे मी इतकी वर्षे मानत होतो आणि तू मला वेड्यात काढत होतास. जुन्या पिंपाच्या ओक लाकडात द्यायला फार काही उरलेले नसते, ते त्या जीवांचे घर असते आणि फळ्यांतून श्वासापुरती हवा आत सोडते, हे तुझे म्हणणे मला त्या घोटाने पटले. शेवटी घशाशी शिरक्याची एक बारीक धार लागली, आणि गिळून झाल्यावर अक्रोडाच्या सालीसारखी, जुन्या शेरी वाइनची आठवण देणारी चव मागे राहिली.

आठ दिवस मी या शेवटच्या दोन गोष्टींवर अडलो आहे. तो शिरका माझा की ब्रुअरीचा? मी असा विचार केला: शिरका करणाऱ्या ॲसिटिक जिवाणूंना काम करायला हवा लागते, ती पिंपात थोडी मिळते, बुचाने बंद बाटलीत मिळत नाही. आतून दाब आहे तोवर ओघळ बाहेर येतो, हवा सहजी आत जात नाही, आणि दाब शेवटपर्यंत थोडा तरी होता. म्हणून तो शिरका पिंपातून आलेला असावा आणि निदान त्याचा दोष माझ्यावर नसावा. अक्रोडाचे मात्र तसे नाही. ती चव वयाने येते आणि उष्णतेने फार लवकर येते, आणि नऊ वर्षांनी किती दिली व माझ्या बारा दिवसांनी किती, हे वेगळे काढण्याचा मार्ग मला सापडत नाही. तू त्या ग्योझ जुन्या आणि ताज्या दोन्ही प्यायलेला आहेस, तेव्हा हे तूच सांगू शकतोस. एक, दोन आणि तीन वर्षांची, हवेवर आंबवलेली लाम्बिक बिअर चाखून, जुळवून, जिचा मेळ कोणीतरी घातला, तिला मी एका कपाटात विसरलो, हे मला सहन होत नाही. आणि तरी ती मला अतिशय आवडली, हेही तुझ्यापासून लपवत नाही. दोन पेले प्यालो आणि प्रत्येक घोटाला तू समोर हवा होतास.

तुझ्या वहिनीने एक घोट घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, ‘ही तर आंबील आहे.’ मी हसलो नाही, कारण मला आपले अंबाझरी तलावाच्या बांधावरचे भांडण आठवले, ज्यानंतर आपण महिनाभर बोललो नव्हतो. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची ज्वारीची आंबील आणि लाम्बिक ही सख्खी भावंडे आहेत असे तुझे म्हणणे, आणि एका-दोन रात्रींत आंबणाऱ्या पेयाची तीन वर्षे मुरणाऱ्याशी तुलना करणे हा अडाणीपणा आहे असे माझे. तो शब्द मी आज मागे घेतो. आंबिलीत यीस्टचे ते लांबलचक दुसरे आयुष्य नाही, हे अजूनही खरेच आहे, पण जिभेवर पहिल्यांदा येणारा दह्यासारखा लॅक्टिक आंबटपणा एकाच घराण्यातला आहे, आणि आपल्या भाषेने तर आंबणे आणि आंबट होणे कधी निराळे मानलेच नाही.

गाळ मी फेकला नाही. बरणी उकळून घेतली, बेकरीत वापरतात त्या माल्टच्या अर्काचे पाणी उकळून निववले आणि त्यात तो सोडला. पाच दिवस काहीच झाले नाही. काल वर पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा दिसला. तो तुझ्या बाटलीतल्या ब्रेटॅनोमायसीसचा आहे की आमच्या पावसाळी हवेतल्या कसल्या बुरशीचा, हे मला डोळ्यांनी ठरवता येत नाही. पापुद्रा मोडावा की तसाच राहू द्यावा, गडद जागी ठेवतो तेवढे पुरे की थंडावाही हवा, हे मला लवकर कळव.

वहिनींच्या नव्या नोकरीबद्दल त्यांचे अभिनंदन सांग. चिरंजीव डच शिकत आहेत की फ्रेंच, हे तुझ्या दोन्ही पत्रांत वेगवेगळे आहे. तुझ्या पाठीचे काय झाले? डिसेंबरच्या रजेचे नक्की झाले की लगेच लिही, कारण संत्री तेव्हा बाजारात असतील. येताना दुसरी बाटली आणू नकोस. आधी मला रागाचे चार शब्द लिही, मी त्यांची वाट पाहीन. रिकामी बाटली धुतलेली नाही. बूच अजून तिच्यावरच बसवून ठेवले आहे, आणि सकाळी ते काढले तर आत टांग्याचा वास तसाच होता.

तुझाच,
महालवाला