नुसते एमबीपीएस काय चाटायचेत, पिंगचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातला ई-स्पोर्ट्सवरचा लेख वाचला. चांगला होता, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलं, मग २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली, हे सगळं नीट सांगितलंय. पण नेट आता सगळीकडे फास्ट झालंय असं जे एक वाक्य मध्येच टाकून दिलंय ना, त्यावर लिहायचंय. एमबीपीएस म्हणजे नेटचा स्पीड, पण ऑनलाइन गेमला महत्त्वाचा पिंग, म्हणजे आपला सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, तो मिलीसेकंदांत मोजतात.

मी एज ऑफ एम्पायर्स टू हा कॉम्प्युटरवरचा सैन्य उभारून लढायचा गेम खेळतो. मूळ गेम १९९९ चा, त्याची नव्याने केलेली डेफिनिटिव्ह एडिशन २०१९ ची. आमच्या वयाच्या पोरांनी हा कॅफेत लॅनवर, म्हणजे एकमेकांना केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर खेळलाय, तिथे लॅग म्हणजे खेळ रखडणं काय ते माहीतच नव्हतं, आणि २०२२ ला डायनॅस्टीज ऑफ इंडिया हा गेमचा वाढीव भाग आला, त्यात गुर्जर, द्रविडियन, बंगाली आले, तेव्हा बरेच जुने भिडू परत जमले. आता गंमत बघा, या गेमला स्पीड लागतच नाही. मूळ गेम बनवणाऱ्यांनीच २००१ मध्ये लिहून ठेवलंय की हे सगळं २८.८ च्या डायलअप मोडेमवर चालवायचं होतं. हजारभर सैनिकांची माहिती त्यातून पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी काय केलं, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण लढाई वेगवेगळी चालते आणि नेटवरून जातात त्या फक्त आज्ञा, म्हणजे कोणी कुठे क्लिक केलं तेवढंच. २०० मिलीसेकंदांचा साधारण एक टर्न, आणि आत्ता दिलेली आज्ञा दोन टर्ननंतर सगळ्यांकडे एकदम अमलात येते.

त्यामुळे चार विरुद्ध चार अशा मॅचमध्ये आठही जणांना एका ठेक्यात चालावं लागतं. लेझीम पथकात एकाचा पाय चुकला की अख्खी रांग अडखळते तसंच. एकाचं नेट अडकलं की बाकी सातजण बोंबलत बसतात, ज्याचं अडकलंय त्याला चॅटमध्ये शिव्या, आणि त्याचं कनेक्शन पूर्ण तुटलं तर तो गेला, मॅच चालू असताना परत आत येता येत नाही, मग उरलेले तिघे चौघांशी लढणार आणि हरले की रेटिंग, म्हणजे खेळाडूचे गुण, त्या टीममधल्या सगळ्यांचेच जाणार.

त्याच लिखाणात अजून एक निरीक्षण आहे ते मला फार पटतं. पाव सेकंद उशीर खेळणाऱ्यांच्या लक्षातही येत नव्हता, अर्ध्या सेकंदापर्यंत चालवून घेत होते, फक्त तो उशीर कायम तेवढाच पाहिजे. कधी पटकन कधी रखडत असं झालं की मात्र वैतागायचे. आमचं रोजचं रडगाणं हेच आहे हो. समोरून मँगोनेलने, म्हणजे दगड फेकायच्या यंत्राने, दगड सोडलाय, तुम्ही आर्चर (तिरंदाज) दोन बाजूंना फोडायला क्लिक केलंय आणि ते जागच्या जागी उभे, उभे, मग एकदम उडी मारल्यासारखे हलतात तोवर निम्मे आडवे झालेले असतात. ६० चा पिंग चालतो, १२० चालतो, पण ६० वरून ४०० वर जाऊन परत ६० वर येणारा नाही चालत.

आता हे सांगलीत का होतं ते सांगतो. गेमचे सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहेत आणि त्या क्लाउडचा सेंट्रल इंडिया भाग आहे कुठे तर पुण्यात! सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटर, फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायला तीन मिलीसेकंद पण लागू नयेत. पण माझ्या केबलवाल्याने वरचं कनेक्शन जिथून घेतलंय तिथून ट्रॅफिक मुंबईला, तिथून चेन्नईला आणि मग पुण्याला, ट्रेसरूट (नेटवरचा रस्ता दाखवणारी कमांड) काढला की सगळे टप्पे दिसतात. त्यात संध्याकाळी आठ ते अकरा अख्खी गल्ली ओटीटीवर. लाइट गेली तर आपला राउटर इन्व्हर्टरवर चालू, पण समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचा केबलवाल्याचा स्विच बंद, त्याला बॅटरीच नाही. कस्टमर केअरला फोन केला की ठरलेलं उत्तर, सर स्पीड टेस्ट करा. स्पीड टेस्ट त्यांच्याच सर्व्हरशी होणार, शंभर एमबीपीएस येणार, तक्रार बंद. (घरातलं कोणी फोटो अपलोड करत असेल तरी पिंग उडतो, ते मान्य, म्हणून मी वायफाय सोडून लॅन केबल ओढलीय आणि राउटरमध्ये अपलोडला लिमिट लावलंय, ते करून पण हे चाललंय.)

आणि वाट बघणं तर विचारूच नका. रँक्डमध्ये, म्हणजे रेटिंग लागू असलेल्या मॅचमध्ये, सिस्टम आपल्या रेटिंगच्या जवळचे लोक शोधते, नाही सापडले की हळूहळू फरक वाढवत नेते, त्यात प्रत्येकाने नको ते मॅप बॅन केलेले, टीम गेमला आठ माणसं पाहिजेत. आपल्याकडे बेंगळुरू, दिल्ली, ढाका, कराची मिळून पण ऐनवेळी तेवढे नसतात, मग युरोपातले जोडले जातात. साध्या लॉबीत, म्हणजे कोणीतरी स्वतः उघडलेल्या मॅचच्या खोलीत, शिरावं तर नावापुढे पिंगचा लाल रंग बघून होस्ट, म्हणजे ती उघडणारा, काही न बोलता बाहेर काढतो. त्याची तरी काय चूक, त्याचा पण गेम रखडणारच ना. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या, त्यात मुंबईला येणारी आयएमईडब्ल्यूई पण होती, असल्या वेळी तर युरोपवाल्यांबरोबर खेळायचा विषयच संपतो. पण ती समुद्रातली गोष्ट, तिला इलाज नाही. सांगली ते पुणे व्हाया चेन्नई याला आहे.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांत लेटन्सी (उशीर), पॅकेट ड्रॉप (वाटेत हरवलेला डेटा), जिटर (उशिरातला चढउतार) सगळं आहे. मग प्लॅनच्या जाहिरातीत नुसते मोठ्या अक्षरात एमबीपीएस का? तुमच्या पेपरात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या नेट कंपनीची पानभर जाहिरात असते, ती छापू नका असं म्हणत नाही, तुमचंही पोट आहे. पण एखाद्या प्रतिनिधीला सांगली, कोल्हापूर, सोलापूर, लातूर इथे रात्री नऊ वाजता घरोघरच्या कनेक्शनवरून पुण्या-मुंबईचा पिंग तासभर मोजायला लावा आणि सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी छापा. पाहिजे तर सांगलीचा आकडा मी काढून देतो.

कळावे,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली