नोकरी बदलायची मुभा कोणाला?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला एच-वन-बीवरचा, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसावरचा लेख वाचला. आम्ही भारतीयांनी तिकडे जाऊन पडेल त्या पगारात राबलो, तिथल्या लोकांच्या पोटावर पाय दिला आणि आता दार लागतंय तर गळा काढतोय, असा एकूण सूर. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे. व्हिसावर काम केलेल्या एखाद्याशी ते बोललेले मात्र दिसत नाहीत.

मी बोलतो. तिथे गेल्यावर माझं पहिलं काम 'केटी' घेण्याचं. म्हणजे ज्याची नोकरी जाणार आहे त्याच्याच शेजारी खुर्ची टाकायची आणि त्याचं काम शिकून घ्यायचं. माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ साठीकडे झुकलेले. रात्री संगणकावर आपोआप चालणारी कामं, म्हणजे बॅच जॉब, कुठे अडकतात आणि अडकले की कोणाला फोन करून उठवायचं, हे त्यांनी एका वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. काम नीट शिकवलं नाही तर जातानाचे पैसे बुडणार, म्हणून ते पान पान समजावून सांगत. एकदा त्यांनी माझा पगार विचारला. मी सांगितला. त्यावर म्हणाले, "मग तू दुसरीकडे का जात नाहीस?"

लेखात हा प्रश्न कुठेच नाही. जात नव्हतो, कारण व्हिसाचा अर्ज कंपनीचा. दुसरी कंपनी अर्ज भरायला तयार असेल तर जाता येतं, कायद्याने मुभा आहे. पण ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, कागदपत्रं तिला बहुतेक वेळा पहिल्यापासून करावी लागतात. त्यात वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत नवी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. मुलं शाळेत, गाडीचे हप्ते चालू, अशा वेळी साहेबाकडे पगारवाढ मागायला कोण जाईल? साहेबालाही हे पक्कं ठाऊक. कायद्यात किमान वेतनाच्या चार पायऱ्या आहेत. काम अनुभवी माणसाचं आणि कागदावर पायरी पहिली, सगळ्यात कमी पगाराची, हा प्रकार मी स्वतः भोगलाय.

आता दोन्ही बाजूंचे पंडित बघा. एक म्हणतो, मालकाला हवा तो माणूस ठेवण्याचा हक्क आहे. दुसरा म्हणतो, देशाला दार लावण्याचा हक्क आहे. दोन्ही हक्क शिरसावंद्य! पण काम करणाऱ्याला राजीनामा तोंडावर फेकून शेजारच्या कंपनीत जायचा हक्क द्या, असं दोघांपैकी कोणी म्हणत नाही. तो दिला असता तर आम्ही स्वस्तात पडलो नसतो आणि त्या गृहस्थांना काढण्यात कंपनीला एवढी गोडीही वाटली नसती.

सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी बाहेरून आणायच्या नव्या माणसामागे एक लाख डॉलर लावले. लेखकांना आनंद झालेला दिसतो. एवढे मोजून आणलेल्या माणसावरची पकड कंपनी सैल करेल की घट्ट? आणि मोजायचे नसतील तर कामच देशाबाहेर पाठवेल. त्यावर ही फी नाही.

जाता जाता: मागच्या वेळी तुम्ही माझ्या पत्राचा मधला भाग उडवलात आणि मी नेमका उलट मताचा आहे असं छापून आलं. दोन नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. या वेळी जागा कमी पडली तर वहीचा किस्सा कापा, 60 दिवसांचा परिच्छेद राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार