बाबा, सही अजून करू नका

सिंगापूर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर पुनर्विकासाचा विषय निघाला की बाबा, तुम्ही 'तू तिकडे राहतेस, तुला जास्त कळतं' म्हणून मोकळे होता आणि मागून विलासकाका नव्या विमानतळाजवळच्या उलव्यातल्या फ्लॅटचे भाव सांगायला लागतात. म्हणून लिहून पाठवते आहे. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून आणा, म्हणजे आईलाही वाचता येईल.

आधी उत्तर सांगते. वाशीचं घर विकून उलव्याला जायचं नाही. पुनर्विकासाला माझी हरकत नाही, पण कमिटीतले लोक घरोघर फिरवताहेत त्या मोघम संमतिपत्रावर सही करायची नाही. आणि तिसरं, ज्यावरून आपलं वाजणार आहे: माझ्यासाठी म्हणून दीडशे फूट जादा जागा एफडी मोडून घ्यायची नाही.

काका अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हे मान्य करते. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत गेली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. माझ्या शाळेपासून ऐकत आलेल्या गोष्टी दोन वर्षांत जमिनीवर उतरल्या. इथे गणपतीत मराठी मंडळी जमली की मोदक हातात घेऊन हाच विषय. कुणाचा उलव्यात फ्लॅट, कुणाचा पनवेलला, कुणाचा द्रोणागिरीत. फोनवर नकाशा उघडतात आणि धावपट्टीपासून आपली बिल्डिंग किती लांब ते बोटाने मोजून दाखवतात. त्यांच्यातलं कुणीही तिथे राहायला जाणार नाहीये. काकांचे स्वतःचे दोन फ्लॅट तिथे कुलूप लावून पडलेत, हे तेवढं ते सांगत नाहीत. आम्हा बाहेर राहणाऱ्यांचं हे असंच असतं. आमच्यासाठी पूल आणि विमानतळ म्हणजे भाव. नळाला पाणी किती वाजता येतं, रिक्षा मिळते का, रात्री औषधाचं दुकान उघडं असतं का, हे त्या नकाशात दिसत नाही आणि आम्हाला दिसायची गरजही नसते.

मेट्रोचंच बघा. बेलापूर ते पेंधर, जेमतेम अकरा किलोमीटर. भूमिपूजन २०११ मध्ये, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. तीही सुरक्षेचं प्रमाणपत्र हातात येऊन काही महिने उलटल्यावर, कुठल्याही समारंभाशिवाय. 'मेट्रोला लागून' म्हणून ज्यांनी २०११ ला खारघर-तळोज्यात घर घेतलं, त्यांची पोरं बालवाडीतून कॉलेजच्या उंबरठ्यावर आली तोवर खांबच बघत होती. इथे नेमका उलटा किस्सा घडला होता. बुआंगकोक नावाचं एमआरटी म्हणजे इथल्या मेट्रोचं स्टेशन २००३ ला बांधून तयार होतं, पण आजूबाजूला पुरेशी वस्ती नाही म्हणून ते उघडलंच नाही. लोक चिडले. २००५ मध्ये एक मंत्री यायचे होते तेव्हा कुणीतरी रस्त्याकडेला पांढऱ्या हत्तींचे कटआउट उभे केले. स्टेशन सुरू झालं २००६ च्या जानेवारीत. लोकांच्या आधी स्टेशन, तरी तीन वर्षं भांडण! आपल्याकडे लोक आधी येतात आणि स्टेशनची वाट बघण्यात त्यांचं वय जातं. पंचविशीत हे परवडतं. बाबा, तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे आहात. उलवे पुढे छान होईलच, पण ते छान होण्याची वाट तुम्ही का बघायची?

आणि वाशीत तुमच्याकडे जे आहे ते काका हिशेबात धरत नाहीत. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पाण्याची रड नाही. भावे नाट्यगृहाला आई चालत जाते. महापालिकेचं रुग्णालय रिक्षाच्या किमान भाड्यात. गाडी तुमच्याकडे नाही, त्यामुळे अटल सेतूचा टोल भरून शिवडीला पोचण्याचं सुख तसंही तुमच्या वाट्याला येणार नाही. उलवे अजून महापालिकेतही नाही, सगळं सिडको या सरकारी महामंडळाच्या हातात. तिथे नळ आटला तर तक्रार करायला नगरसेवकसुद्धा नाही.

आता आपल्या बिल्डिंगबद्दल. मागच्या वेळी आले तेव्हा स्वयंपाकघराच्या गॅलरीत वर बघितलं. स्लॅबचा पोपडा सुटून सळ्या उघड्या पडल्यात, आणि त्या सळ्यांना आईने कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. आई, ती दोरी आजच्या आज काढ. गंमत नाही ही. भाजीवाल्याला वरून पिशवी सोडतेस तेव्हाही त्याच गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून वाकतेस. लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि तुझा गुडघा, एवढ्या दोन कारणांसाठीच मला पुनर्विकास हवा आहे. चटईक्षेत्र, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, 'पोडियम गार्डन' वगैरे सगळं त्यानंतर.

बिल्डिंग या अवस्थेला आली कशी, तेही बोलू. आमच्या इथल्या कॉन्डोत, म्हणजे खासगी फ्लॅटच्या संकुलात, दरमहा दोन खाती भरावी लागतात, एक रोजच्या खर्चाचं आणि एक सिंकिंग फंडाचं. दुसऱ्यात भरलेले पैसे लिफ्ट बदलणं, रंग, गच्ची अशा मोठ्या कामांनाच वापरायचे. वार्षिक सभेला आमच्या खालच्या मजल्यावरचे एक चिनी आजोबा येतात. हिशेबाचा कागद टेबलावर पसरून, पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवत वाचतात. पंपाच्या दुरुस्तीचं बिल गेल्या वर्षापेक्षा जास्त का, एवढ्याच प्रश्नावर त्यांनी एकदा अख्खी सभा धरून ठेवली होती. मला भूक लागली होती, तरी त्यांचं कौतुक वाटलं. वीस वर्षांपेक्षा जुन्या उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती दर सात वर्षांनी तपासून घेण्याचा कायदाही इथे २०२२ पासून लागू झाला.

पण थांबा, 'सिंगापूर ते सिंगापूर' म्हणू नका. कागदावर आपले नियम याहून कडक आहेत. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत लिहिलंय: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. आपल्या सोसायटीत मात्र 'सेक्टरात सगळ्यात कमी मेंटेनन्स आमचा' हा अभिमानाचा विषय होता. वाढीचा ठराव यायचा आणि पडायचा. बाबा, तुमचाही हात विरोधातच वर जायचा, मला आठवतंय. तेव्हा पगार किती होता तेही आठवतंय, म्हणून दोष देत नाही. पण वाचवलेले ते पैसे आता स्लॅबमधून वसूल होताहेत. नव्या टॉवरमध्ये मेंटेनन्स काही पटींनी जास्त येणार. तो दर महिन्याला झेपेल का, याचा आकडा बिल्डरकडून आत्ताच लेखी घ्या. पेन्शनवर राहणाऱ्यांना नव्या इमारतीत तोच जड जातो.

जमिनीचं तर तुम्ही कधी बोलतच नाही. फ्लॅट आपला, जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. फ्रीहोल्डच्या घोषणा अधूनमधून कानावर येतात. आपल्या प्लॉटच्या नावाने कागद आला की मी पेढे पाठवीन. भाडेपट्टा ही कागदी गोष्ट वाटते, पण इथल्या गेलांग भागात १९१ घरांचा साठ वर्षांचा पट्टा २०२० च्या ३१ डिसेंबरला संपला आणि ती जमीन सरकारकडे परत गेली. भरपाई नाही. आपल्याकडे असं होईल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे मुदत वाढवण्याकडेच कल असतो. पण आपला पट्टा कुठल्या तारखेपासून सुरू झाला आणि पुनर्विकासानंतर किती वर्षं शिल्लक राहणार, हे कमिटीतल्या एकालाही सांगता आलं नाही, असं तुम्हीच म्हणालात. सिडकोचं ना-हरकत पत्रही त्याच कागदांवर अवलंबून आहे. आणि 'आता विमानतळ झाला, चाळीस मजले मिळणार' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की विमानतळ झाल्यामुळे उंचीची परवानगी वाढते की तिच्यावर मर्यादा येते.

पुनर्विकासाच्या एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूने आहे. इथे जुनी कॉन्डो अख्खीच्या अख्खी विकली जाते. दहा वर्षांहून जुनी असेल तर ऐंशी टक्के मालक तयार झाले की उरलेल्यांनाही साधारण मान तुकवावी लागते. पैसे भरपूर मिळतात, पण घर जातं, आणि तेवढ्याच पैशांत त्याच भागात तेवढंच घर मिळेलच असं नाही. सत्तरीतली माणसं ओळखीचा बाजार आणि ओळखीचा डॉक्टर सोडून कुठेतरी लांब जातात. आपल्याकडे त्याच जागेवर, त्याच शेजाऱ्यांसोबत परत यायला मिळतं. ही फार मोठी गोष्ट आहे. कुणी 'त्यापेक्षा रोख घ्या आणि सुटा' म्हणालं तर ऐकू नका.

फक्त परत यायला मिळालं पाहिजे. मधली वर्षंच माणसाला खातात. तुमच्या मागच्या गल्लीतल्या सोसायटीला बिल्डरकडून मिळणारं तात्पुरत्या घराचं भाडं बंद पडलं आणि लोक कुठेकुठे पांगलेत, ते तुम्हीच सांगितलंत. म्हणून आधी कपाटातलं शेअर सर्टिफिकेट काढून बघा. ते आहे म्हणजे आपली सोसायटी १९६० च्या सहकार कायद्याखालची. शेजारची बिल्डिंग १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट असोसिएशन आहे. तिथे प्रत्येकाच्या नावाने वेगळं डीड असतं आणि त्यांचे नियम वेगळे, त्यामुळे 'शेजाऱ्यांनी सह्या दिल्या' हे आपल्यासाठी कारण होऊ शकत नाही. आपल्याला सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचे पुनर्विकासाबद्दलचे २०१९ चे निर्देश लागू होतात. विकसक ठरवायच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांहून जास्त बाजूने पाहिजेत, उपनिबंधकांचा प्रतिनिधी समोर पाहिजे आणि चित्रीकरण झालं पाहिजे. विकसकाने प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक हमी द्यायची असते. जिन्यात गाठून घेतलेल्या सहीला यात कुठेच जागा नाही.

घर रिकामं करायचं ते करार नोंदणी होऊन, आपला कार्पेट एरिया आणि मजला त्यात छापून आल्यावर आणि सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, निघाल्यावरच. आणि एक गोष्ट, जी तरुण सभासदांच्या डोक्यात येणारच नाही: भाड्याची घरं अकरा महिन्यांच्या करारावर मिळतात. म्हणजे दरवर्षी नवा घरमालक, नवी दलाली, परत टेम्पो. प्रत्येक वेळची दलाली आणि शिफ्टिंगचा खर्च करारात लिहून घ्या, आणि भाडं वाशीतल्याच लिफ्टच्या बिल्डिंगला पुरेल एवढं मागा. तुमच्या वयाचे बरेच जण आहेत सोसायटीत. तुम्ही सगळे मिळून हा मुद्दा सभेत लावून धरलात तर कमिटीला ऐकावंच लागेल. कमिटीतल्या पोरांना गणपतीची वर्गणी तुम्हीच मागायला शिकवलीत, घाबरता कशाला!

आता जादा जागेचं. बाबा, 'पोरगी आली की तिला स्वतंत्र खोली हवी' हे तुमच्या मनातलं मला कळतं. पण वर्षातल्या माझ्या दोन आठवड्यांसाठी तुमच्या म्हातारपणाचे पैसे सिमेंटमध्ये घालू नका. मी हॉलमध्ये गादी टाकून झोपेन, लहानपणी झोपायचेच. आमचं इथलं घरही लहानच आहे. परदेशी माणसाला इथे २०२३ पासून साठ टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायम रहिवासी, असल्यामुळे पाच टक्क्यांत निभावलं, तरी कर्ज डोक्यावर आहे. त्यामुळे 'पुढे विकून तुला होतील' हा हिशेबही मनातून काढा. एफडी राहू दे. तिच्यातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन या थंडीत करून टाकू, टॉवर उभा राहायची वाट न बघता.

माझं नाव आत्ता सर्टिफिकेटवर चढवायचीही घाई नको. चढवलंत तर प्रत्येक कागदावर माझी सही लागेल. मग वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करा, ते तिकडे पाठवून स्टॅम्प करून घ्या, हे सगळं मागे लागेल. नॉमिनेशन आहे ते ठीक, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून दोघंही साधं मृत्युपत्र करा. आई, 'अशुभ बोलू नकोस' म्हणून हे वाक्य गाळू नकोस.

भाडेपट्ट्याच्या कराराचे आणि बिल्डरच्या ऑफरचे फोटो पाठवा, सगळी पानं, नुसतं रंगीत माहितीपत्रक नको. इथे माझ्या ओळखीत एक जण ठाण्यात पुनर्विकासाची कामं करत असे, त्याला वाचायला देते. सभा पुढच्या महिन्यात असेल तर तारीख कळवा, मी तेव्हाच रजा टाकते.

काकांना हे पत्र दाखवलंत तरी चालेल. त्यांच्या कुलूपबंद फ्लॅटचं वाक्य तेवढं अंगठ्याखाली झाका.

तुमची,
मृणाल