सॉफ्टवेअर फुकट, पण चॅनल कुणाचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हिंजवडी, खराडीतल्या कितीतरी कंपन्यांत पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम चालतं आणि बरीच पोरं कॉलेजात शिकल्यासारखं अ‍ॅनाकोंडा नाहीतर मिनिकोंडा हा पायथॉनचा तयार संच मशीनवर टाकतात आणि लागतात कामाला, ओपन सोर्स आहे म्हटल्यावर लायसन्स कोण बघतंय. घोळ इथेच आहे. त्यातलं कोंडा हे पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) बसवणारं टूल बीएसडी या मोकळ्या लायसन्सखाली फुकटच आहे, पण ते पॅकेजेस ज्या डिफॉल्ट्स नावाच्या चॅनलवरून, म्हणजे ऑनलाइन साठ्यातून, ओढतं ते अ‍ॅनाकोंडा कंपनीचं, त्याच्या अटी २०२० मध्ये बदलल्या आणि २०० पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पैसे भरावे लागतात. हे फ्रेशरला कुणी सांगतच नाही, आणि उद्या कंपनीला विचारणा झाली की जाब मात्र त्यालाच विचारणार, हे मला अजिबात पटत नाही.

कोंडा-फोर्ज हे चॅनल लोकांनी मिळून चालवलेलं, तिथे ही पैशाची अट नाही, मिनिकोंडाऐवजी मिनिफोर्ज हा तसाच संच टाकला की तेच आपोआप येतं. पण जुन्या मशीनवर ते नुसतं अ‍ॅड करून भागत नाही, डिफॉल्ट्स यादीत राहिलं तर पॅकेज तिकडूनही येऊ शकतं, ते काढायलाच हवं. शिवाय प्रत्येक पॅकेजचं स्वतःचं लायसन्स असतं, जीपीएल नावाच्या लायसन्सवालं काही प्रॉडक्टमध्ये घालून विकलं तर सोर्स कोड द्यावा लागतो, ते वेगळं तपासा.

पुण्यातल्या कॉलेजांना कळकळीची विनंती, लॅब मॅन्युअलमध्ये इन्स्टॉलच्या पायऱ्यांसोबत कुठलं चॅनल वापरायचं आणि का, हेही लिहा.

एक वाचक, कोथरूड, पुणे