कराटेतल्या कंट्रोलचं भांडण परत निघालंय

प्रिय पक्या,

तब्येत बरी आहे, गुडघा थोडा कुरकुरतो, ते सोड. कंट्रोल, म्हणजे फटका लागायच्या आत थांबवायचा, त्यावरचं आपलं जुनं भांडण आठवलं. हे तुलाच लिहितोय, घरी कोणाला समजणार नाही.

परवा जिल्हा कराटे स्पर्धेत माझी एक पोरगी फायनलला पुढे होती, आणि शेवटी तिची मावाशी गेरी, ती गोल फिरवून मारायची किक, समोरचीच्या कानशिलावर बसली. ती पोर आडवी. आता ठीक आहे ती, डॉक्टरांनी घरी सोडलं. पण हिला हान्सोकू, म्हणजे डिस्क्वालिफाय, गोल्ड तिला. हिने बेल्ट सोडला आणि म्हणाली, सर, पडली ती आणि जिंकली पण तीच?

अगदी टोकियो ऑलिंपिकची फायनल रे. सौदीचा हमेदी 4-1 ने पुढे, त्याची किक लागली, इराणचा गंजजादेह बेशुद्ध आणि गोल्ड त्यालाच. तेही बुदोकानमध्ये, जिथे 1970 ला कराटेची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली!

तू क्लासमध्ये ओरडायचास, थांबवलेला ठोसा म्हणजे खोटा ठोसा. मी कराटे जपानात रुजवणाऱ्या फुनाकोशींची बाजू घ्यायचो आणि सर दोघांनाही दंड मारायला लावायचे. फुनाकोशींना असल्या स्पर्धा नकोच होत्या, ते 1957 च्या एप्रिलमध्ये गेले आणि ऑक्टोबरात जेकेएने, म्हणजे जपान कराटे असोसिएशनने, पहिली ऑल जपान स्पर्धा घेतलीसुद्धा. तुझा कानाझावा मोडक्या हाताने जिंकला ती.

पण खरी गंमत जग आत आल्यावर झाली. 1970 च्या वर्ल्डला जपानचा वाडा जिंकला, गोल्ड घरातच राहिलं. 1972 ला पॅरिसमध्ये वैयक्तिक गोल्ड ब्राझीलच्या वातानाबेला, टीमचं फ्रान्सला. 1975 ला लाँग बीचला ब्रिटनने टीम फायनलमध्ये जपानलाच हरवलं. वेट कॅटेगरी तेव्हा नव्हत्या, बायकांना तर वर्ल्डला जागाच नव्हती, दोन्ही 1980 ला माद्रिदला आलं. आणि तुझा लाडका, फ्रान्सचा वालेरा लाँग बीचला डिस्क्वालिफाय झाला, मग फुल कॉन्टॅक्टकडे, जिथे फटका थांबवायचा नसतो, तिकडे गेला, त्यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास.

तेव्हा एका इप्पॉनवर, म्हणजे एका पूर्ण गुणाच्या फटक्यावर, मॅच संपायची, आणि तो ठोसा माणूस पाडेल असा हवा पण लागता कामा नये. ते अंतर पंचाने डोळ्याने मोजायचं. मला अजूनही वाटतं हाच कराटेचा जीव आहे, पण रडणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरीला हे कुठल्या तोंडाने सांगू? तिचे वडील म्हणतायत किकबॉक्सिंगला घालतो. ती गेली तर मला फार लागेल रे.

तुझी बदली झाली का? काकूंचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना नमस्कार.

रविवारी सकाळी क्लासला ये. तू तुझी बाजू मांड, मी माझी, तिच्यासमोर. मग तिचं तिला ठरवू दे.

तुझा,
सुन्या